गोलनंतर

सामना संपवून वडील घरी आले, तेव्हा ती भांडी विसळत होती. त्यांनी मफलर काढला, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या आणि टेबलाशी बसले. दुपारी रेडिओवर बोललेला सामना संध्याकाळी वर्तमानपत्रासाठी लिहायचा, ही त्यांची केस काळे होते तेव्हापासूनची रीत.

"ऐकलंस का आज?"

"मला काय कळतंय त्या फुटबॉलमधलं? कपडे वाळत घालत होते."

"सगळं शहर कानात प्राण आणून ऐकतं, आणि आमच्या घरात कपडे वाळत घालतात!"

"मग? तुमचेच शर्ट होते."

ते हसले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवताना ती म्हणाली, "आणि गप्प किती वेळ बसता हो? शेवटच्या गोलला मला वाटलं, रेडिओच बंद पडला."

बोटं थांबली. तिने जीभ चावली.

वडिलांनी मान वर केली नाही. चेहरा मात्र उजळला होता. ते काहीच बोलले नाहीत.

गोल झाल्यावर ते असेच गप्प राहत. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बजावत, "गोल होईपर्यंत आपण बोलायचं. त्यानंतर मैदान बोलतं. मध्ये तोंड घालायचं नाही."

सकाळी ते उठलेच नाहीत. सामन्याची बातमी मात्र वेळेवर पोहोचली होती. त्या दिवशीच्या अंकात ती त्यांच्या नावानिशी छापून आली.

पुढच्या सामन्याला रेडिओवाल्यांनी तिला बोलावून घेतलं. समालोचकांच्या खोलीत, काचेपाशी, वडिलांच्या खुर्चीत बसवलं. शेजारी त्यांचा शिष्य होता. "ताई, सरांबद्दल चार शब्द बोलाल ना?" त्याने आधीच विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बघू. मला बोलायची सवय नाही."

सामना रटाळ चालला होता. शेवटी शेवटी डाव्या बगलेतून चेंडू आला आणि कुणीतरी डोक्याने तो जाळ्यात ढकलला.

"गोल!" शिष्य ओरडला आणि गप्प झाला.

मैदान उसळलं. काच थरथरली. शिष्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते, डोळे भरून आले होते, पण तो बोलला नाही. गलका वर चढला, रेंगाळला, हळूहळू ओसरू लागला. वडील थांबायचे तितकाच तो थांबला. तिला तो वेळ तोंडपाठ होता.

मग त्याने माइक तिच्याकडे सरकवला.

तिने खुर्ची पुढे घेतली.

"बाबा," ती म्हणाली, "ऐकलं. दर सामना ऐकला."