बाकड्याखालचं बोचकं

पुण्याच्या शिबिरात शिकवलं होतं तशा योगिनीनं चार खुर्च्या गोल मांडल्या. बारामतीच्या सल्ला केंद्रात एकटीनं हाताळायचं हे तिचं पहिलंच प्रकरण. समोर बावड्याचे हिंदुराव, शेजारी त्यांचा मुलगा, मूग गिळून बसलेला. सून विजयमाला काही खुर्चीत बसली नाही. सासऱ्यासमोर कशी बसणार? बोचकं बाकड्याखाली सारून, पदर नाकापर्यंत ओढून ती दाराशी उभी राहिली. महिन्यापूर्वी ती माहेरी, काटेवाडीला निघून आली होती. आज सासरी परत जाणार का, एवढाच प्रश्न होता.

"नांदायला जाणार ना, विजयमाला?" योगिनीनं विचारलं.

"जाईल की. व्हय गं?" हिंदुराव म्हणाले.

पदर हलला. योगिनीनं 'समेट झाला' असं लिहिलं आणि तिला आकाश ठेंगणं झालं. तिघं समोरच्या स्टँडकडे गेली.

तेवढ्यात योगिनीला शिकवणाऱ्या कौसल्याबाई कोर्टातून आल्या.

"काय म्हणाली पोरगी?"

"मान हलवली."

"कुणासमोर?"

नजर चुकवायला योगिनी खाली वाकली. "अगंबाई, बोचकं विसरली! पळत जाऊन देऊन येते."

कौसल्याबाईंनी बोचक्यावर पाय ठेवला. "सासरी निघालेली बाई आपले कपडे विसरत नसते, योगिनी. ठेवून गेलीय ती."

योगिनी रिकाम्या हातांनी धावत सुटली.

बावड्याकडे जायची इंदापूरची गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीशी हिंदुराव.

"आबा, सूनबाईंचं बोचकं राहिलंय."

"मग संगं आणायचं न्हाय व्हय?"

"ज्याचं त्यानं सही करून न्यायचं, असा नियम आहे." नियम कसला, थाप होती शुद्ध.

"हिला कुठं सही येती?"

"अंगठा चालतो."

हिंदुरावांनी सुनेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "जा, पळ. गाडी थांबीवतो मी."

केंद्रात आल्यावर योगिनीनं खुर्च्या भिंतीला सारल्या आणि फरशीवर बसकण मारली. विजयमाला तिच्यासमोर टेकली. स्टँडवर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता.

"आता सांग. जायचंय तुला?"

विजयमालानं पदर मागं सारला. तिचा चेहरा योगिनीनं आत्ता पहिल्यांदा पाहिला.

"ताई," ती म्हणाली, "आदी दाराला कडी लावा."