चारुताचं बारसं

हेरंबची थोरली बहीण वैजूताई पाळण्यात वाकली आणि भाचीच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... चारुता!" बायका तिच्या पाठीत धपाटे घालणार, तोच घराची भिंत गोड आवाजात बोलली, "चारुता! तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवर आज खास सवलत." पाठोपाठ पाहुण्यांच्या मनगटांवरची घड्याळंही तेच सांगू लागली.

कोणी हसलं नाही. नावं विकत घ्यायची, त्यांना दुकानं जोडायची आणि हाक ऐकून कोणी खरेदी केली की कमिशन खायचं, हा हेरंबचा धंदा सगळ्यांना ठाऊक होता. पण पोटच्या पोरीचं नाव?

"यासाठी हट्ट धरला होतास होय?" त्याच्या बायकोने, शलाकाने विचारलं.

"नुसतं पडून होतं गं ते नाव," हेरंब घुगऱ्यांच्या ताटाकडे बघत म्हणाला. "आपण तर दिवसभर हाका मारणार, म्हटलं..." स्वतःचंच बोलणं ऐकून त्याची मान खाली गेली.

वैजूताईने पदर पुढे ओढला. त्याच्या आडोशाला बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ती अगदी हळू काहीतरी म्हणाली. मग तेच शलाकाच्या कानात सांगितलं. शलाकाचे डोळे भरून आले. भिंत गप्पच राहिली.

"ताई, काय नाव ठेवलंस?" हेरंबने चाचरत विचारलं.

"मोठी झाली की तिलाच विचार," वैजूताई म्हणाली. "सांगावंसं वाटलं, तर सांगेल तुला."