तीन खटक्यांनंतर

"पुन्हा गप्प!" लेक वैतागून म्हणाली आणि तिने कॉम्प्युटर बंद केला. सकाळपासूनची ही आठवी खेप.

कॉम्प्युटर वडिलांचा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. वडील गेले, मागोमाग त्याची फ्लॉपी ड्राइव्हही गेली. फ्लॉपीवरची त्यांची रोजनिशी तिने कशीबशी उतरवून घेतली होती. पण ती उघडायची तर त्यांनीच लिहिलेला प्रोग्रॅम हवा, आणि तो चालायचा फक्त याच यंत्रावर. म्हणून तिने ड्राइव्हच्या जागी बसेल असं नवं कार्ड स्वतःच्या हाताने बनवलं. पलीकडच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. तिला ती रोजनिशी एकदा ऐकायची होती. हातात किती दिवस आहेत, ते डॉक्टरही सांगेनात.

घोडं कुठे अडतंय ते लेकीला कळलं होतं. तीनदा माहिती मागून झाली की यंत्र जरा वेळ बहिरं व्हायचं, आणि कार्ड नेमकं तेव्हाच उत्तर देऊन मोकळं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" भिंतीपलीकडून आई म्हणाली. "अगं, त्यांचं यंत्र दमेकरी होतं. असं चालायचं बघ." तिने पलंगाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं. मग थांबली, चांगले चार श्वास. मग पुन्हा तीन. "आणि तुझं हे मुकं कार्ड मला नको. त्या जुन्या ड्राइव्हची खटखट आल्याशिवाय ते पलीकडे आहेत असं वाटायचं नाही."

लेकीने तो थांबा घड्याळावर मोजला आणि कार्डाला तेवढं थांबायला शिकवलं. आईच्या हट्टापायी खटके वाजवणारा एक रिलेही जोडला. काम काही नाही, नुसता आवाज.

खट, खट, खट. मग शांतता.

"आहे हो, जागी आहे," पलीकडून आवाज आला. आई लेकीशी असं कधीच बोलत नसे.

पडद्यावर पान उघडलं. ती मोठ्याने वाचू लागली. "हिचं दुखणं वाढलंय. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम थांबा टाकला. तीन खटके झाले की गप्प बसून ऐकतो. पलीकडून हिची ओ आली की मगच पुढचं पान. हिला वाटतं, यंत्र दमेकरी आहे."

"लबाड कुठले!" आई हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "आणि मी बिचाऱ्या यंत्राला नावं ठेवत बसले. वाच गं पुढे."

लेकीने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

खट, खट, खट.

ती कान देऊन बसली. पलीकडून काहीच आलं नाही.

"आई?"

कार्डाला त्याचं काय! मोजून दिलेला थांबा संपला, आणि पुढचं पान उघडलं.