तेलाचा हात

“बस,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी खोलीला आतून कडी लावली.

कडी जराही कुरकुरली नाही. या घरात काहीच कुरकुरत नसे. बिजागऱ्या, कात्र्या, शिवणयंत्र, सगळ्यांवरून सासूबाई दर रविवारी तेलाचा हात फिरवत. “तेल लावलं की वस्तू जन्माला पुरते,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

सून पलंगाच्या कडेला टेकली. समोर टॉवेलवर तिची वस्तू आडवी ठेवली होती. सिलिकॉनचं पुरुषाचं अंग, शिरा-सुरकुत्यांसकट हुबेहूब. एरवी ते कपाटात थंडीच्या कपड्यांखाली, सुती पिशवीत असायचं. आता भर दुपारी, सासूबाईंच्या चष्म्यासमोर होतं.

“तुझं कपाट आवरायला घेतलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

आवरायला म्हणे! सुनेच्या कपाटाला या घरात कुलूप नव्हतंच. सासूबाईंच्या कपाटाला मात्र होतं, आणि किल्ली अष्टौप्रहर त्यांच्या गळ्यात. ते कधी उघडलं तर नुसता रबराचा वास यायचा. शेकायची पिशवी ठेवत असतील, असं सुनेला वाटे.

सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. उरल्या या दोघी, तीन खोल्यांत. बाथरूममध्ये दहा मिनिटं जास्त झाली की दारावर टकटक, “आत झोप लागली की काय?” वस्तू धुवायची ती नळ मोठा सोडून. वाळवायची ती केसांच्या टॉवेलात गुंडाळून. अशी दोन वर्षं सुनेनं काढली होती, जीव मुठीत धरून.

आणि आज नेमका रविवार. चार वाजता नवऱ्याचा फोन यायचा. “माझ्या आईनं तुझ्याबद्दल एक शब्द जरी वावगा सांगितला, तर माहेरी नेऊन सोडीन,” असं तो मागच्या सुट्टीत म्हणाला होता, आणि तो थट्टा करणाऱ्यांतला नव्हता. माहेर म्हणजे आता भावाचं घर. तिथं वहिनीचं राज्य. घड्याळात पावणेचार झाले होते.

“कधी घेतलंस?”

“दोन वर्षं झाली, आई.”

“इतकी?” सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं. “कुठून?”

“स्टेशनमागे दुकान आहे. बाईच विकते.”

“स्वतः गेलीस? चारचौघांत?”

“गेले.”

“आणि हेच का निवडलंस?”

काय हा प्रश्न! सून दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. घाबरली की कामाचंच बोलायला लागायची, तशी लागली.

“वास घेऊन पाहिला. हलक्या मालाला वास येतो, याला नाही. हे सिलिकॉन. आम्ही दातांचे साचे घेतो ना, त्याच जातीचं. बूड रुंद आहे, म्हणजे अडकून बसायची भीती नाही. आकार... आकार बेताचा.”

सासूबाईंनी ते नाकाशी नेलं आणि खरोखरच वास घेतला. सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“धुतेस कशानं?”

“कोमट पाणी आणि साधा साबण. आधी आणि नंतर. मग पूर्ण कोरडं करायचं. वरून चिमूटभर कॉर्नफ्लॉवर.”

“तरीच तो डबा महिनाभर पुरत नाही. आणि वापरताना काय लावतेस?”

“आई, पुरे ना हो!”

“विचारलंय ते सांग.”

“जेल मिळतं, पाण्यात विरघळणारं. फक्त तेच. भलतंसलतं लावलं की हलका माल नासतो.” आता तिला रडूच फुटलं. “आई, पाया पडते. यांना सांगू नका. मी आत्ता टाकून देते.”

“टाकून काय होणार? झालं ते झालं.”

तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते. सासूबाईंनी तो उचलून कानाला लावला.

“हो, बोल बाळा. आहे ना, समोरच बसलीय. अरे, रडत नाहीये, सर्दी झालीय तिला.” त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. “तिच्याबद्दल आज एक गोष्ट कळली मला. इतकी वर्षं एका घरात राहते मी, आणि पत्ता नाही. काय? नाही, आत्ता नाही. तिच्याशी सगळं नीट बोलून घेते आधी. पुढच्या रविवारी कर फोन.”

म्हणजे फाशी आठवडाभर पुढे गेली, इतकंच. सुनेच्या डोळ्यांपुढे वहिनीचं बंद दार आलं. पलंगाखालची बॅग ओढावी, निमूट कपडे भरावेत, असं तिला वाटलं. पण दाराला कडी होती आणि कडीपाशी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी गळ्यातली किल्ली काढली. कुलूप आवाज न करता उघडलं. खोलीत तो ओळखीचा रबराचा वास पसरला. साड्यांमागून त्यांनी कापडात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं, टॉवेलवर सुनेच्या वस्तूशेजारी ठेवलं आणि सोडायला घेतलं. कापड सहजी सुटेना.

“मग माझं दीड वर्षातच असं चिकट का झालं गं?” सासूबाई हळूच म्हणाल्या. “मी तर दर रविवारी न चुकता तेल लावते.”