विहिरीचा डबा

"डबा रिकामाच येणार, मॅडम," मी माझ्या गाइडना छातीठोकपणे म्हणालो. माझी पीएचडी त्यावरच उभी होती. विहीर सामाईक असली की माणूस शेजाऱ्याचा विचार न करता पाणी उपसतो, हा माझा सिद्धांत. प्रयोगात विहीर म्हणजे एक पितळी डबा आणि पाणी म्हणजे चिंचोके. डबा घरोघर फिरणार. दाराआड, कुणी बघत नसताना, हवे तितके चिंचोके काढून घ्यायचे. जितके चिंचोके, तितके चमचे साखर बक्षीस.

संध्याकाळी डबा ओसरीवर परत आला. उचलायला मला दोन्ही हात लागले.

आत चिंचोका औषधालाही उरला नव्हता. पण शेंगदाणे होते, गुळाचा खडा होता, कढीपत्ता होता आणि फडक्यात गुंडाळलेलं एक अंडं होतं.

"हे काय, काकू?" डबा मी ज्यांच्याकडून मागून घेतला होता, त्या हौसाकाकूंना मी विचारलं.

"तू म्हणालास तसे चिंचोके घेतले की सगळ्यांनी! पण माझा डबा ओळखतात रे बाया. शेजारणीचा डबा रिकामा कोण धाडंल?"

माणूस फक्त घेतो, हे मॅडमनी आयुष्यभर शिकवलं होतं. त्या डब्यात बघत राहिल्या, गाभाऱ्यात बघावं तशा.

सगळं परातीत ओतून मी डबा काकूंच्या हातात देणार, तोच मॅडमनी मला अडवलं. पर्स धुंडाळून त्यांनी वेलदोड्यांची पुडी काढली आणि डब्यात टाकली.

"मॅडम, माझी पीएचडी?"

"आधी तुझ्या खिशात काय आहे ते बघ."