पहिल्या बर्फाची पुडी

आमच्या काश्मीरात पहिला बर्फ पडला की दोस्ताच्या हातात तो पुडीत बांधून द्यायचा. बेसावधपणे घेतला तर तो हरला, त्यानं जेवू घालायचं. सुभान कधीच फसला नाही. दरवर्षी मीच फसायचो आणि तो माझ्याकडे मटणाचा हरीसा चापून जायचा.

यंदा त्याच्या घरी गेलो, तर तो दुखण्यानं पार खंगलेला, अंथरुणातच निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसलेला.

"अक्रोड आणलेत तुला," म्हणत मी पुडी पुढे केली. त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

"हरलो रे!"

भाभीनं लगेच वाफाळता थाळा आणला, जणू सकाळपासून रांधूनच ठेवलं होतं. दोघं एकाच थाळ्यात जेवायला बसलो. सुभान नुसती शितं चिवडत होता, आपल्या वाटचं मटण माझ्याकडे सरकवत होता.

"पुडीतून पाणी गळत होतं. दिसलं नाही का रे, आंधळ्या?" मी विचारलं.

"दिसलं की."

"मग घेतलीस कशाला?"

"मग काय, फुकट्या म्हणूनच पुरणार होतास मला?"