घरचा माणूस

विमावाल्याने दोन्ही कोटेशनं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि थोरल्याने महागातल्यावर पटकन बोट ठेवलं.

"हेच. ट्रकच्या बाबतीत चिक्कूपणा नको."

बाहेर ट्रक माल भरून, ताडपत्री आवळून उभा होता. जुना विमा आज संपत होता आणि नवा हातात पडल्याशिवाय फाटकाबाहेर चाक काढायचं नाही, असा थोरल्याचा दंडक. ट्रक चालवणारा त्याचा सख्खा भाऊ, धाकटा, ऑफिसच्या दाराला टेकून उभा होता. धाकट्याची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली होती आणि डबा देऊन झाला तरी हलत नव्हती.

विमावाला मन लावून समजावत होता. "स्वस्तातलं घेतलंत, तर तुमच्या ट्रकने दुसऱ्याचं जे नुकसान केलं तेवढंच भरून मिळेल. तुमच्या ट्रकचा चुराडा झाला तर बसा हात चोळत. ह्या महागातल्यात सगळं आलं. धडक, आग, चोरी, पूर. काच फुटली, टायर गेला, तरी काळजी नाही. रस्त्यात बंद पडला तर ओढून आणायची सोयसुद्धा."

"आणि आरसे?" थोरल्याने विचारलं.

"आरसेसुद्धा."

थोरला खूश झाला. त्याचा ट्रकवर भारी जीव. कुणी दार जोरात आपटलं तरी तो धावत बाहेर यायचा.

"आणि ह्यांचं काय?" धाकटी म्हणाली.

तिघांनीही वळून पाहिलं.

"कुणाचं?"

"आत बसतात त्यांचं. ह्यांचं."

"तू गप गं," धाकटा पुटपुटला. "मला काय धाड भरलीय?"

पण ती गप बसायला आलीच नव्हती. पलीकडच्या गल्लीतला ड्रायव्हर उन्हाळ्यात उतारावर ट्रक उलटून गेला. ट्रक त्याच्या काकांचा. काल तोच ट्रक विम्यातून दुरुस्त होऊन, नवाकोरा रंग लावून तिच्या दारावरून गेला होता. त्या ड्रायव्हरच्या बायकोच्या हातावर मात्र अजून कुणी काही ठेवलेलं नव्हतं. रात्रभर धाकटीच्या डोळ्याला डोळा नव्हता.

विमावाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "वहिनींचं बरोबर आहे. मालक स्वतः चालवत असेल तर मालकाला संरक्षण असतं. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचंही घालता येतं. हे कोण आपले? मालक की नोकर?"

"भाऊ आहे माझा," थोरला म्हणाला. "घरचा माणूस."

"ते झालं हो. ट्रक कुणाच्या नावावर?"

"माझ्या. पण आमच्यात तुझं-माझं नाही. एका ताटात जेवून मोठे झालोय आम्ही."

"म्हणजे मालक नाहीत. पगार किती देता?"

"घरच्याला कसला पगार? काहीतरीच!"

"म्हणजे नोकरही नाहीत." विमावाला खुर्चीत मागे रेलला. "मग पंचाईत आहे. घरचा माणूस असा रकाना नसतो आमच्याकडे. उद्या नको ते झालं, तर कंपनी विचारणार, हा कोण? आणि हात वर करणार."

धाकटा दारापासून सरळ झाला. इतका वेळ त्याचं लक्ष बाहेर ट्रककडे होतं. आता ते भावाकडे लागलं.

"मग काय करायचं?" धाकटीने विचारलं.

"दोनच वाटा. पगारी नोकर म्हणून लिहा, आत्ताच्या आत्ता होतं. नाहीतर ट्रक दोघांच्या नावावर करा. अर्ज माझ्या बॅगेतच आहे. ह्या दादांची एक सही, बाकीची धावपळ माझी."

धाकटीला फक्त नवऱ्याचा विमा हवा होता. वाटणीचा विषय काढायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. पण आता तो निघालाच होता. तिचा नवरा ट्रकबद्दल बोलताना नेहमी 'आपला ट्रक' म्हणायचा. घरी, दारी, पाहुण्यांत, सगळीकडे. आता तो खाली फरशीकडे बघत उभा होता.

थोरल्याने खिडकीतून ट्रककडे पाहिलं. मग कपाळावरचा घाम पुसला.

"नोकर लिहा," तो म्हणाला. "कागदापुरतं हो. ते नावाबिवाचं लचांड आत्ता नको, माल खोळंबलाय."

"पगार किती टाकू?"

"टाका तुम्हीच. चालू भाव काय असेल तो."

विमावाल्याची बोटं मोबाईलवर चालली, थोड्या वेळाने नवा विमा थोरल्याच्या फोनवर आला, आणि काम झालं.

"आता निर्धास्त राहा, वहिनी," विमावाला बॅग आवरत म्हणाला. "ट्रकसारखाच तुमच्या माणसाचाही विमा पक्का."

धाकटीने मान हलवली. मागितलं ते पदरात पडलं होतं, तरी नवऱ्याच्या तोंडाकडे तिला बघवेना. आपण गप बसलो असतो तर बरं झालं असतं का, हेही तिला धड कळेना.

धाकट्याने खिळ्यावरची किल्ली काढली, डबा उचलला आणि केबिनमध्ये चढला. थोरला दर खेपेसारखा मागोमाग बाहेर आला. ट्रकभोवती एक फेरी मारली, दोर ओढून बघितले आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"उतारावर जपून. आणि पोचलास की फोन कर रे."

एरवी धाकटा हसायचा. दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणायचा. आज त्याने इंजिन सुरू केलं आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाला,

"करतो, मालक."